हायड्रंटचा रंग आणि देखभालीची सेवा
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमातील भाषणाची संहिता)



ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा हा आनंदसोहळा आहे. पन्नास वर्षांत काय काय उभारले, याचा आढावा अशा प्रसंगी घेतला जातो आणि तो घ्यायलाच हवा. परंतु जे उभारले ते आज कोणत्या अवस्थेत आहे, हा प्रश्नही त्याच ताळेबंदात यावयास हवा. आजचा विषय या दुसऱ्या प्रश्नाशी निगडित आहे. रस्त्याकडेच्या फायर हायड्रंटना स्वयंसेवकांनी रंग देणे, हा तो विषय. हिंगोलीसारख्या गावाला तो प्रथमदर्शनी परका वाटेल. पण एका लहानशा खांबावरील रंगात सार्वजनिक सेवेचा फार मोठा धडा दडलेला आहे.

हायड्रंट म्हणजे काय?

रस्त्याखालून जाणाऱ्या मोठ्या जलवाहिनीवर ठरावीक अंतरावर एक लोखंडी नळखांब बसविलेला असतो. आग लागली की अग्निशमन दलाचे जवान त्याला होज पाइप जोडतात, झडप उघडतात आणि जलवाहिनीतील पाणी थेट आगीपर्यंत नेतात. हाच हायड्रंट. आपल्या देशात त्याचे तोंड साधारणतः ६३ मिलिमीटर व्यासाचे असते, जेणेकरून दलाकडील पाइप त्यास विनासायास जोडता यावा.

या साधनाचा इतिहास मनोरंजक आहे. सतराव्या शतकातील लंडनमध्ये जलवाहिन्या पोखरलेल्या लाकडी ओंडक्यांच्या असत. आग लागली की लोक रस्ता खणत, ओंडक्याला भोक पाडत, खड्ड्यात साचलेले पाणी बादल्यांनी उपसत आणि आग विझल्यावर त्या भोकात लाकडी खुंटी ठोकून ते बंद करीत. १६६६ सालच्या भीषण अग्निकांडानंतर अशा खुंट्यांची सोय आधीपासूनच करून ठेवण्याची पद्धत रूढ झाली. आज दिसतो तसा उभा खांब १८०१ च्या सुमारास अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात फ्रेडरिक ग्राफ या अभियंत्याने प्रथम बनविला, असे मानले जाते. मात्र त्याचा कागदोपत्री पुरावा उरलेला नाही. कारण १८३६ साली वॉशिंग्टन येथील पेटंट कार्यालयालाच आग लागली आणि तेथील दप्तर भस्मसात झाले. अग्निशमनाच्या साधनाचा दाखला अग्नीनेच गिळावा, हा दैवदुर्विलास म्हटला पाहिजे.

रंग कशासाठी?

हायड्रंटला रंग दिला जातो तो केवळ शोभेसाठी नव्हे. गंजापासून रक्षण आणि दुरून ओळख, हे दोन हेतू तर उघडच आहेत. आपल्याकडे त्यासाठी लाल रंग रूढ आहे. अमेरिकेत मात्र रंगाकडे तिसरे आणि अधिक महत्त्वाचे काम सोपविलेले आहे. तेथील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेने अशी शिफारस केली आहे की, सार्वजनिक हायड्रंटचा खांब पिवळा असावा आणि त्याच्या टोपीचा रंग पाण्याच्या प्रवाहानुसार ठरावा. दर मिनिटास सुमारे ५,७०० लिटर किंवा त्याहून अधिक पाणी मिळत असेल तर टोपी फिकट निळी. सुमारे ३,८०० लिटरपासून त्या मर्यादेपर्यंत हिरवी. सुमारे १,९०० ते ३,८०० लिटर असेल तर नारिंगी. आणि त्याहूनही कमी असेल तर लाल. सर्वच नगरे ही शिफारस जशीच्या तशी पाळतात असे नाही, काहींचे स्वतःचे संकेत आहेत. तत्त्व मात्र सर्वत्र एकच आहे. धावत येणाऱ्या जवानाला वही उघडून पाहण्यास वेळ नसतो. टोपीकडे एक दृष्टिक्षेप टाकताच त्याला कळले पाहिजे की येथे किती पाणी आहे.

म्हणजेच हा रंग एक विधान आहे. लाल टोपी म्हणते, येथे पाणी बेताचे आहे, दुसरी सोय पाहा. निळी टोपी म्हणते, निःशंक व्हा. आता पाण्याची मोजणी न करताच कोणी टोपी निळी रंगविली, तर तो रंग असत्य बोलेल आणि त्या असत्याची किंमत कोणाच्या तरी प्राणांनी चुकवावी लागेल. व्यापाऱ्यांना हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. ठाणावर छापलेले मीटर आणि गजाने मोजलेले मीटर जुळले नाहीत, तर पेढीची पत जाते. येथे तर पतीपेक्षा मोलाची गोष्ट पणाला लागलेली असते.

हातात ब्रश घेणारा स्वयंसेवक

अमेरिकेतील अनेक लहान-मोठ्या नगरांत उन्हाळ्याच्या सुटीत शाळकरी मुले, स्काउट पथके, मंडळे आणि निवृत्त नागरिक आपापल्या भागातील हायड्रंट रंगविण्याचे काम स्वेच्छेने करतात. नगरपालिकेचा पाणीपुरवठा विभाग किंवा अग्निशमन दल रंग, ब्रश आणि हायड्रंटची यादी पुरविते. स्वयंसेवकांना प्रथम काही सूचना दिल्या जातात. तारेच्या ब्रशने आधी गंज खरवडावा. आट्यांवर रंग जाऊ देऊ नये. रंगाचे थरावर थर चढून टोपी घट्ट बसली तर ऐन आगीच्या वेळी ती फिरणार नाही. झडपेला हात लावू नये, ते काम कर्मचाऱ्यांचे आहे. भोवतालचे गवत व कचरा काढावा. आणि जे हायड्रंट कलले आहे, गळते आहे किंवा टोपीविना आहे, त्याची नोंद करून ती विभागास कळवावी.

यातील शेवटची सूचना सर्वांत मोलाची आहे. स्वयंसेवकाच्या श्रमाने रंगाऱ्याची मजुरी वाचते, हा लाभ लहान. त्या निमित्ताने प्रत्येक हायड्रंटपाशी वर्षातून एकदा कोणीतरी थांबते, वाकते आणि त्याकडे निरखून पाहते, हा लाभ मोठा. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास याची चटकन ओळख पटेल. वर्षअखेरीस व्यापारी केवळ वहीतील आकड्यावर विसंबत नाही. गोदामात जाऊन गठ्ठा अन् गठ्ठा मोजतो. वहीत असलेला परंतु गोदामात नसलेला माल त्याच दिवशी उघडकीस येतो. हायड्रंटचे रंगकाम ही सार्वजनिक मालमत्तेची अशीच प्रत्यक्ष साठापडताळणी आहे.

१९७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याची द्विशताब्दी साजरी झाली, तेव्हा अनेक गावांत हायड्रंटवर स्वातंत्र्ययुद्धातील सैनिकांची चित्रे रंगविण्यात आली. लोकांना ती फार आवडली. परंतु अशा चित्रांखाली प्रवाह सांगणारा संकेत झाकला जाऊ शकतो. म्हणून कलात्मक रंगकाम करावयाचे असेल तर ते अग्निशमन दलाच्या संमतीने आणि टोपीचा रंग राखूनच व्हावे, ही दक्षता आवश्यक ठरते. उत्सवाचा उत्साह उपयोगाच्या आड येऊ नये, हा विवेक येथे दिसतो.

याच विचाराचे पुढचे पाऊल बोस्टन शहरात २०१२ च्या सुमारास पडले. तेथे हिवाळ्यात बर्फाच्या ढिगाऱ्यांखाली हायड्रंट दिसेनासे होतात. त्यावर एक संगणकीय नकाशा तयार करण्यात आला. नागरिकाने आपल्या घराजवळील एक हायड्रंट निवडावे, त्याला नाव द्यावे आणि बर्फ पडला की ते मोकळे करण्याचे दायित्व स्वीकारावे. जणू एक हायड्रंट दत्तकच घ्यावयाचे! पुढे हीच योजना होनोलुलू शहराने त्सुनामीच्या भोंग्यांसाठी स्वीकारली. संपूर्ण शहराची काळजी वाहणे एकट्याच्या आवाक्यातील नसते. दारासमोरील एका खांबाची काळजी मात्र कोणीही घेऊ शकतो.

मुंबईचा धडा

महाराष्ट्रात हायड्रंटचा विषय निघाला की मुंबईचे स्मरण अपरिहार्य आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन नावाच्या जहाजाला आग लागली. त्या जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि त्यांच्यासोबत कापसाच्या गाठी होत्या. दुपारी चारनंतर अर्ध्या-पाऊण तासाच्या आत दोन प्रचंड स्फोट झाले, शेकडो माणसे मृत्युमुखी पडली आणि आग विझविण्यास गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान हुतात्मा झाले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि १४ ते २० एप्रिल या काळात अग्निशमन सेवा सप्ताह होतो.

कापूस आणि कापड यांच्याशी ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे, त्यांना गाठीची आग निराळी सांगावयास नको. वरून विझलेली गाठ आत धुमसत राहते आणि काही तासांनी पुन्हा पेट घेते. अशी आग विझवायची तर गाठ फोडावी लागते आणि दीर्घकाळ पाणी मारावे लागते. म्हणजे पाण्याचा अखंड स्रोत हवा.

मुंबईत पूर्वीच्या काळापासून हजारो हायड्रंट बसविलेले आहेत. परंतु त्यांतील कित्येक रस्त्यांच्या आणि पदपथांच्या कामात गाडले गेले, कित्येक कोरडे पडले, हे वृत्तपत्रांतून वेळोवेळी प्रसिद्ध झालेले आहे. ९ मे २०१५ रोजी काळबादेवी येथील गोकुळ निवास या जुन्या इमारतीस आग लागली. ती विझविताना इमारत कोसळली आणि प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह दलाच्या चार अधिकाऱ्यांना प्राण गमवावे लागले. काळबादेवी हा कापड व्यापाऱ्यांच्या परिचयाचा परिसर आहे. दाट वस्ती, अरुंद गल्ल्या, जुनी बांधकामे आणि मालाने भरलेली गोदामे, हे चित्र महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या बाजारपेठेस कमी-अधिक प्रमाणात लागू पडते.

मुंबईकरांना रंगकामाची सेवा अपरिचित नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये मुंबईतील अनेक लोकल स्थानके स्वयंसेवकांनी रंगविली आणि विद्यार्थ्यांपासून नोकरदारांपर्यंत अनेकांनी हातात ब्रश घेतला. स्थानकाच्या भिंतीवरील रंग हजारो प्रवाशांना रोज दिसतो. हायड्रंटवरील रंग मात्र क्वचितच कोणाच्या दृष्टीस पडतो आणि ज्या दिवशी तो दिसणे निकडीचे असते, त्या दिवशी त्याची प्रशंसा करण्यास कोणास सवड नसते. म्हणूनच ती सेवा अधिक निरपेक्ष म्हणावी लागेल.

हिंगोलीत काय रंगवावे?

आता प्रश्न आपल्या जिल्ह्याचा. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव हे पाच तालुके. कापूस, सोयाबीन आणि हळद ही येथील बाजारपेठेची ओळख आहे. सुकी हळद, रुईच्या गाठी, बारदान आणि कापडाची ठाणे ही सर्वच ज्वालाग्राही मालमत्ता. त्यात मराठवाड्याचा उन्हाळा.

अमेरिकेतील योजना येथे जशीच्या तशी उचलून आणता येणार नाही, याचे कारण स्पष्टपणे सांगितले पाहिजे. हायड्रंट उपयोगी पडण्यासाठी जलवाहिनीत चोवीस तास दाबाने पाणी असावे लागते. मराठवाड्यातील नगरांत पाणी पाळीने येते, उरलेल्या वेळी नळ कोरडे असतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, ही आठवण अद्याप ताजी आहे. अशा जलवाहिनीवर उद्या कोणी सुरेख हायड्रंट बसविले आणि स्वयंसेवकांनी ते लालभडक रंगविले, तर छायाचित्र उत्तम येईल, परंतु आगीच्या रात्री त्यातून केवळ हवा निघेल. कोरड्या हायड्रंटपेक्षा हायड्रंट नसणे एकवेळ परवडले, कारण जवान त्याच्या भरवशावर तरी राहत नाहीत.

आपल्याकडे आग विझवायची असते ती बंबाने. त्याचा हिशेब साधा आहे. बंबाच्या टाकीत ५,००० लिटर पाणी आहे असे धरले आणि दर मिनिटास १,००० लिटर सोडले, तर पाच मिनिटांत टाकी रिकामी होते. त्यानंतर बंब पाणी भरण्यास जातो आणि तो परत येईपर्यंत आग आपले काम करीत राहते. म्हणून आपल्या गावांत खरा प्रश्न असा आहे की, पाच मिनिटांनंतरचे पाणी कोठे आहे आणि ते रात्री दोन वाजता कोणास ठाऊक आहे?

उत्तर गावातच आहे. पाण्याच्या उंच टाक्या, बारमाही विहिरी, बोअरवेल, जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांतील हौद, मंगल कार्यालयांच्या व धर्मशाळांच्या भूमिगत टाक्या, हेच आपले हायड्रंट. जुन्या जलस्थानांचे पुनरुज्जीवन लोकश्रमातून होऊ शकते, याचे उदाहरण फार दूर नाही. परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्यात वालूर येथे गाळाने भरलेली एक देखणी चक्राकार बारव ग्रामस्थांनी साफ करून पुन्हा उजेडात आणली. रोहन काळे यांनी सुरू केलेल्या महाराष्ट्र बारव मोहिमेतून राज्यभर अनेक ठिकाणी तरुणांनी बारवांची स्वच्छता केली आणि महाशिवरात्रीस तेथे दीप उजळले. विस्मृतीत गेलेले पाणी पुन्हा लोकांच्या नजरेत आणणे, हे त्या कार्याचे मर्म. हायड्रंट रंगविणाऱ्या स्वयंसेवकाचेही कार्य तेच.

ट्रस्टच्या युवक मंडळास सुवर्णमहोत्सवी वर्षात पुढील चार कामे हाती घेता येतील.

एक, नगर परिषद आणि अग्निशमन विभाग यांच्या अनुमतीने बाजारपेठ व परिसरातील जलस्थानांची यादी करावी. कोठे किती लिटर पाणी असते, बंब तेथपर्यंत पोहोचतो काय, विजेचा पंप नसताना पाणी घेता येते काय आणि किल्ली कोणाकडे असते, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे.

दोन, यादीतील जे स्थान अग्निशमन विभाग योग्य ठरवील, तेवढ्याच ठिकाणी लाल पट्टा, बाण आणि लिटरचा आकडा ठळकपणे रंगवावा. जेथे पाणी आटले असेल, तेथील खूण त्याच दिवशी पुसावी. खूण पुसण्याचे काम खूण करण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

तीन, रुग्णालये, मोठी दुकाने आणि कारखाने येथे स्वतःची हायड्रंट यंत्रणा असेल तर ती मोकळी राहील, तिच्यापुढे माल रचला जाणार नाही, याबद्दल मालकांना विनंती करावी. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा २००६ साली संमत झालेला आहे. अशी साधने बसविणे आणि ती सुस्थितीत ठेवणे हे मालकाचे वा भोगवटादाराचे कर्तव्य आहे.

चार, प्रत्येक दुकानातील अग्निशामक सिलिंडरची काटा-तपासणी करावी. कोरड्या पावडरच्या सिलिंडरवर एक लहानसा काटा असतो. तो हिरव्या पट्ट्यात असेल तरच आतील दाब योग्य समजावा. येथेही रंग सत्य सांगतो, मात्र तो पाहणारा कोणीतरी हवा. विजेच्या आगीवर पाणी मारू नये, प्रथम मुख्य स्विच बंद करावा आणि १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे, एवढे तरी प्रत्येक नोकरास व प्रत्येक गृहिणीस ठाऊक असावे.

या कामांसाठी मुहूर्तही सहज सापडतो. भगवान महावीर जन्मकल्याणक चैत्र शुद्ध त्रयोदशीस, म्हणजे मार्च अखेर ते एप्रिलच्या दरम्यान येते. अग्निशमन सेवा सप्ताहही एप्रिलमध्येच. उन्हाळ्याच्या तोंडावर दरवर्षी त्या सुमारास एक रविवार या सेवेस दिला, तर वर्षाची पडताळणी वर्षाला होत राहील.

भांडवली खर्च आणि महसुली खर्च

लेखाशास्त्रात खर्चाचे दोन प्रकार शिकविले जातात. इमारत, यंत्र, टाकी यांवरील खर्च भांडवली. त्यांची झाडलोट, तेलपाणी, रंगरंगोटी, दुरुस्ती यांवरील खर्च महसुली. सार्वजनिक न्यासांचा सर्वसाधारण अनुभव असा की, भांडवली खर्चास दाते सहज मिळतात. संगमरवरी पाटीवर नाव कोरले जाते, उद्घाटन होते, फीत कापली जाते. महसुली खर्चास मात्र दाता शोधावा लागतो, कारण नव्याने बदललेल्या वॉशरवर कोणाचे नाव कोरता येत नाही. परिणामी पाणपोईची पाटी झळकत असते आणि नळ कोरडा असतो. तहानलेला वाटसरू पाटी वाचतो आणि पुढे जातो. त्या पाटीने दात्याची कीर्ती वाढते की घटते, याचा विचार प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा.

दानाचे माहात्म्य आपल्या परंपरेत थोर आहे, त्याविषयी दुमत नाही. परंतु दिलेले दान जिवंत ठेवणे हेही दानच आहे आणि त्यात अहंकारास जागा फार थोडी आहे. हायड्रंट रंगविणाऱ्या मुलाचे नाव त्या खांबावर नसते. एखाद्या रात्री त्या रंगामुळे जवानाला पाणी वेळेवर सापडते, एक कुटुंब वाचते, आणि वाचविणाऱ्याचे नाव कोणास कळत नाही, कित्येकदा त्या मुलालाही कळत नाही. अपरिग्रहाचा विचार केवळ धनापुरता मर्यादित नाही. श्रेयाचाही संग्रह करू नये, हाही त्याचाच अर्थ होय.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टने एक लहानसा देखभाल निधी स्थापन करावा, अशी नम्र सूचना सभेपुढे ठेवण्यात येत आहे. त्यातील व्याजातून केवळ दुरुस्ती, रंग आणि तपासणी यांचाच खर्च व्हावा. त्यातून कोणतीही नवी वास्तू उभारली जाऊ नये आणि कोणतीही पाटी लावली जाऊ नये. वार्षिक सभेत जमाखर्चाबरोबरच या निधीतून पाहणी झालेल्या प्रत्येक जलस्थानाची स्थिती वाचून दाखविली जावी : कोठे पाणी आहे, कोठे नाही. ‘नाही’ हा शब्दही तेवढ्याच स्पष्टपणे वाचला जावा, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यापूर्वी तो बदलता येईल.

पुढील पन्नास वर्षांत ट्रस्टच्या हातून अनेक नवी कार्ये घडोत. त्यांच्याबरोबरच आज जे आहे ते सुस्थितीत राहो आणि त्यावर जो रंग दिला जाईल तो सदैव खरा असो, हीच या मंगल प्रसंगी शुभकामना.

जय जिनेंद्र.